एकच पुली असेल तर ती हाताजवळची

मागच्या रविवारी शेतातल्या कोरड्या विहिरीवरच्या लोखंडी गर्डरला दोर लावून ५० किलोचं सिमेंटचं पोतं लटकवलं आणि काकांचा कांदे मोजायचा लटकता काटा हातातल्या टोकाला बांधून ओढून बघितलं. कारण दरीतून माणूस वर ओढायच्या आमच्या ग्रुपमधल्या नवीन पोरांना वाटतं थ्री-टू-वन (एकाच दोराच्या तीन पदरांनी ओझं ओढायची मांडणी) लावला की वजन तिसरा हिस्सा झालं, विषय संपला. तसं नसतं.

विहिरीवरची एकटी कप्पी नुसती दिशा बदलते. ५० किलोला ५० लागतातच, वर गर्डरवर मात्र १०० चा ताण येतो कारण खाली पोतंही ओढतं आणि आपणही. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर (१७१९ ते १७२४ मधलं बांधकाम) बैलांना मोट ओढायला जमायचं ते चाकामुळे नाही, धावेवरून उताराला चालताना त्यांचं स्वतःचं वजन कामाला यायचं म्हणून.

थ्री-टू-वनमध्ये दोर पोत्यापासून वर अँकरच्या (जिथे सगळं पक्कं बांधलंय ती जागा, इथे गर्डर) पुलीत जातो, तिथून खाली पोत्याच्याच दोरावर प्रुसिकने (ताण आला की दोरावर आवळून बसणारी गाठ) अडकवलेल्या दुसऱ्या पुलीत, मग परत वर आपल्या हातात. अँकरपाशी अजून एक प्रुसिक, म्हणजे हात सुटला तरी पोतं जागेवर. हिशोबाने १७ किलो यायला पाहिजे आणि पोतं १ मीटर वर यायला ३ मीटर दोर ओढावा लागतो, फुकट काहीच नाही.

दोन्ही ठिकाणी पुलीऐवजी नुसते कॅराबिनर (उघडता येणारी धातूची कडी) लावले तर काट्यावर २९ च्या आसपास आलं! दोन्ही बेअरिंगच्या पुली लावल्या, १९. मग एकच पुली ठेवली, आणि मला हेच सांगायचंय, ती अँकरला लावली तर २६ आणि हाताजवळच्या फिरत्या जागी लावली तर २१. वस्तू त्याच, फक्त जागा बदलली. हाताजवळ जे घर्षण होतं ते पुढच्या दोन्ही पदरांतला ताण खातं, अँकरवरचं फक्त शेवटच्या पदरातला. आपण सगळे सवयीने चांगली पुली वर अँकरला लावतो. दरीत ८० किलोचा माणूस असेल तर हाच फरक सात-आठ किलोचा होतो, तोही प्रत्येक ओढीला, पावसात, ओल्या दोरावर.

कातळाच्या कडेवर दोर घासतो ते यात धरलेलंच नाही. येत्या रविवारी काटा घेऊन यवतेश्वरला जातोय, कडेखाली गोणपाट टाकून आणि न टाकता दोन्ही मोजायचंय.