टाचणीला खोडरबर

ऑक्टोबर संपत आला की कॅनडातल्या विनिपेगमध्ये दोन गोष्टी एकदमच बाहेर निघतात: थर्मल आणि पॉपी. पॉपी म्हणजे कोटावर डाव्या बाजूला टोचायचं लाल फूल, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या ११ नोव्हेंबरच्या स्मृतिदिनासाठी. पहिल्या वर्षी किराणा दुकानाच्या दाराशी पदकं लावून बसलेल्या आजोबांना मी विचारलं, "केवढ्याला?" ते हसले आणि डब्याकडे बोट दाखवलं. जमेल ते टाकायचं, पैसे माजी सैनिकांसाठी. फूल मात्र गाडीपर्यंत पोहोचेतो पडलं होतं.

दुसऱ्या वर्षी त्यांनीच युक्ती सांगितली, टाचणीच्या टोकाला मागून खोडरबराचा तुकडा खोचायचा. आणि म्हणाले, "ब्रुकसाइडच्या दफनभूमीत जाऊन ये. टॉमी प्रिन्स तिथे आहे."

टॉमी प्रिन्स ओजिब्वे, म्हणजे इथला मूलनिवासी. फेब्रुवारी १९४४, इटलीत अँझिओ. शत्रूच्या अगदी जवळ एका ओसाड शेतघरात लपून हा जर्मन तोफांची ठिकाणं फोनवरून कळवत होता. गोळीबारात तार तुटली. पठ्ठ्याने घरातले शेतकऱ्याचे कपडे चढवले, कुदळ घेतली आणि भर दिवसा, जर्मनांच्या डोळ्यांदेखत शेतात उतरला. तुटलेल्या जागी बुटाची नाडी बांधायच्या बहाण्याने वाकला आणि तार जोडली. परत फिरताना आधी जर्मनांवर, मग दोस्तांच्या बाजूवर मूठ उगारली, पीक तुडवलं म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यासारखी! त्याच वर्षी जुलैत, त्याच इटलीत आपल्या माणगावकडचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून. टॉमीला पदकं खुद्द राजा सहावा जॉर्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यात लावली.

आणि मग तो घरी आला.

गोऱ्या सैनिकांना जमिनीसाठी, धंद्यासाठी ज्या सवलती होत्या, त्या राखीव वस्तीतल्या मूलनिवासींपर्यंत सरकारी एजंटाच्या हातून, गळत गळत पोहोचायच्या. मतदानाचा सरसकट हक्क तर १९६० साली मिळाला. टॉमीने साफसफाईचा धंदा काढला होता. तो दुसऱ्यांवर सोपवून आपल्या लोकांचे प्रश्न घेऊन ओटावाला गेला आणि परतला तेव्हा धंदा बुडालेला. पुन्हा फौजेत शिरला, कोरियाला गेला, गुडघे घालवून आला. पुढे दारू, मोडलेला संसार. शेवटची वर्षं विनिपेगच्या साल्व्हेशन आर्मीच्या वसतिगृहात गेली. पदकं हातची गेली होती. १९७७ साली तो वारला.

सरकारने मूलनिवासी सैनिकांना भरपाई देऊ केली ती २००२ मध्ये, जास्तीत जास्त २० हजार डॉलर. तोवर किती जण हयात होते, असा खवचट प्रश्न माझ्या मनात येतोच. पदकं मात्र आदल्याच वर्षी लंडनच्या एका लिलावात (हे आमचं कॅनडातलं लंडन) नातलगांनी परत मिळवली.

यंदा ब्रुकसाइडला गेले. विमानतळाजवळची ही दफनभूमी, सारख्या दगडांच्या रांगाच रांगा. इथे कार्यक्रम झाला की लोक आपापली पॉपी काढून दगडावर ठेवतात. मीही काढायला गेले, तर खोडरबर घट्ट बसलेलं. दोन्ही हातमोजे काढावे लागले. उणे बारात.