क्विन्सी: जॉन अ‍ॅडम्सच्या घरी

बॉस्टनला आलेले आपले लोक हार्वर्ड बघतात, एमआयटी बघतात, क्विन्सी मार्केटमध्ये काहीतरी खातात आणि फोटो काढून परत जातात. पण क्विन्सी नावाचं खरंखुरं गाव जवळच आहे हे कुणाच्या गावीही नसतं. साउथ स्टेशनवरून रेड लाइनने अर्ध्या तासाच्या आत पोचतो आपण, फक्त ब्रेनट्रीची गाडी बघून चढायचं, अ‍ॅशमाँटची पकडलीत तर भलतीकडेच जाल. भाचीला म्हटलं चल, तर म्हणते "अगं मावशी, क्विन्सीला आम्ही फक्त नूडल्स खायला जातो!" तेही खरंच, चिनी वस्ती भरपूर आहे तिथे. आणि हो, डंकिन डोनट्सचं त्या नावाचं पहिलं दुकान १९५० मध्ये याच गावात सुरू झालं. पण मला बघायचं होतं अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं घर.

घर कसलं, घरं. नॅशनल पार्कवाल्यांकडे तीन आहेत आणि आत रेंजरबरोबरच जायचं असतं, सीझन सोडून गेलात तर बाहेरूनच बघावी लागतात, तेव्हा आधी वेबसाइट बघून जा. पहिली दोन घरं एकमेकांपासून ७५ फुटांवर, लाकडी, बुटकी, मागच्या बाजूला छप्पर उतरत उतरत पार खाली आलेलं. एकात १७३५ मध्ये जॉन अ‍ॅडम्स जन्मला आणि शेजारच्यात १७६७ मध्ये त्याचा मुलगा जॉन क्विन्सी, जो पुढे सहावा राष्ट्राध्यक्ष झाला. जॉन अ‍ॅडम्सचे वडील शेतकरी, जोडीला बूट शिवायचं काम करायचे. व्हर्जिनियावाल्या वॉशिंग्टन-जेफरसनसारखी (पहिला आणि तिसरा राष्ट्राध्यक्ष) शेकडो गुलाम राबणारी इस्टेट वगैरे काही नाही, अ‍ॅडम्सने आयुष्यात एकही गुलाम ठेवला नाही.

दुसऱ्या घरात समोरच्या कोपऱ्यातली खोली म्हणजे त्याचं वकिलीचं ऑफिस. पक्षकारांनी घरातून ये-जा करू नये म्हणून त्याने बाहेरून वेगळं दार काढून घेतलं होतं. खोली एवढीशी, आमच्या ग्रुपमधले सगळे आत शिरले तर रेंजरलाच उभं राहायला जागा उरेना. पण इथेच १७७९ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना लिहिली, अमेरिकेची घटना व्हायच्या आधी, आणि ती दुरुस्त्यांसकट आजही चालू आहे. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, या तिच्यातल्या कलमाच्या जोरावर १७८३ मध्ये तिथल्या कोर्टाने गुलामगिरी निकालात काढली. मी उगाच त्या टेबलाकडे बघत राहिले.

मला हा माणूस आवडतो तो मात्र १७७० च्या केसमुळे. ब्रिटिश सैनिकांनी बॉस्टनच्या रस्त्यात जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली, अख्खं गाव खवळलेलं, आणि त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं कुणी तर यानेच, जो स्वतः इंग्रजांच्या विरोधातला! कॅप्टन सुटला, आठातले सहा सैनिक सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. लोकांनी शिव्या घातल्या, पण म्हातारपणीसुद्धा त्याला त्याचा पश्चात्ताप नव्हता.

आणि हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १७९८ मध्ये सिडिशन अ‍ॅक्टवर सही करतो, म्हणजे सरकारविरुद्ध लिहिलं की तुरुंग. मॅथ्यू लायन नावाच्या खासदाराला खरंच आत टाकलं, तर तो तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला. रेंजरबाई हा भाग जरा पटकन उरकत होत्या असं मला वाटलं, भाचीने मात्र धरून ठेवलं, "म्हणजे आपल्याकडचा राजद्रोहच की!" बरोबर आहे तिचं. दुसरीकडे फ्रान्सशी युद्ध करा म्हणून स्वतःचाच पक्ष मागे लागलेला असताना याने वाटाघाटीला माणसं पाठवली, १८०० मध्ये तह झाला, पण बातमी पोचेपर्यंत निवडणूक हातची गेलेली. जेफरसनला ७३ इलेक्टोरल मतं (म्हणजे राज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधींची), याला ६५. मग शपथविधीला न थांबता पहाटे चारच्या गाडीने वॉशिंग्टन सोडलं, घोडागाडीने अर्थात.

गेला तो या तिसऱ्या घरी, पीसफील्ड. लंडनला वकिलात सांभाळत असताना न बघताच विकत घेतलं होतं. बायको अ‍ॅबिगेल येऊन बघते तर छत इतकं खाली की तिने मुलीला पत्रात लिहिलं, येताना डोक्यात पिसं खोचू नकोस आणि जावईबापूंना बिनटाचेचे बूट घालायला सांग. पुढे तिनेच एक मोठी खोली वाढवून घेतली, त्या खोलीत गेल्यावर एकदम मोकळं वाटतं. खरं तर ही बाई नसती तर घर चाललंच नसतं, नवरा वर्षानुवर्षं फ्रान्स-हॉलंडमध्ये आणि ही इथे शेती, मजूर, पोरं, शिवाय सरकारी रोखे विकत घेऊन पैसा वाढवणारी. नवऱ्याला जमिनीचं वेड, हिला रोख्यांचं, आणि फायदा हिच्याच वाटेने झाला. १७७६ मध्ये तिने लिहिलं होतं, नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका, तर उत्तर काय आलं, मला हसूच आलं म्हणे!! असो. दोघांची हजाराच्या वर पत्रं उरलीयत.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. जेफरसनशी अबोला होता तो १८१२ मध्ये सुटला आणि नंतरची सगळी पत्रं इथून गेली. ४ जुलै १८२६, स्वातंत्र्याला बरोब्बर ५० वर्षं, त्या दिवशी दोघंही गेले, जेफरसन काही तास आधी, आणि याला ते माहीतच नव्हतं.

शेवटी गावातल्या ग्रॅनाइटच्या चर्चमध्ये तळघरात उतरलो, बाप-लेक आणि दोघांच्या बायका तिथेच आहेत. भाची म्हणाली, "पण मावशी, वॉशिंग्टन डीसीत याचं स्मारक कुठे होतं गं?" नाहीच आहे. २००१ मध्ये संसदेने मंजुरी दिली, अजून उभं राहिलेलं नाही. त्याला स्वतःला हे अपेक्षितच होतं बहुतेक, १७९० मध्येच कुरकुरत लिहून गेलाय की आपल्या क्रांतीचा इतिहास म्हणजे फ्रँकलिनने (विजेचे प्रयोग करणारा क्रांतीतला पुढारी) विजेची काठी जमिनीवर आपटली आणि त्यातून जनरल वॉशिंग्टन बाहेर पडले, एवढाच सांगतील.