साखर कारखान्यांना फिटर का मिळत नाहीत?

साखर कारखान्याच्या अभियांत्रिकी विभागात काम करताना एक गोष्ट मला दरवर्षी अस्वस्थ करते. गव्हाणीत मोळी पडायच्या, म्हणजे गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी ऊसतोडणी मजुरांच्या टंचाईची चर्चा सगळीकडे होते. पण ऊस पिळणारी यंत्रे जोडणारे-दुरुस्त करणारे मिल फिटर, बॉयलर सांभाळणारे बॉयलर अटेंडंट आणि उच्च दाबाच्या नळ्या जोडणारे वेल्डर यांची टंचाई कारखान्याच्या फाटकाबाहेर फारशी कोणाच्या कानावर जात नाही. रोज 5,000 टन गाळप करणारा कारखाना एक तास बंद पडला, तर 200 टनांहून अधिक ऊस गाळायचा राहतो, आणि तोडलेल्या उसातील साखर त्या काळात घटतच असते. हे नुकसान शेवटी ऊस उत्पादकाच्याच माथी येते.

मिल फिटरचे काम पुस्तकावरून पुरते शिकता येत नाही. ऊस पिळणाऱ्या मिलच्या खालच्या दोन रोलरांच्या मध्ये बसवलेली ट्रॅश प्लेट पिळलेला चोथा एका रोलरकडून दुसऱ्याकडे पोचवते. ती किंचित वर बसली, तर मिलवरचा भार वाढतो आणि प्लेट लवकर झिजते. किंचित खाली राहिली, तर चोथ्यावर पुरेसा दाब येत नाही आणि मिल चोक होण्याची, म्हणजे चोथा तुंबण्याची भीती असते. ड्रॉइंगवर मापे असतात, परंतु हंगामभर झिजलेल्या रोलरला ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तिथे जुन्या फिटरचा अंदाज कामी येतो, आणि ही जुनी माणसे आता एकामागून एक निवृत्त होत आहेत.

बॉयलरवरची अडचण याहून गंभीर आहे. पूर्वी अनेक कारखान्यांत 21 किंवा 32 किलो दाबाचे बॉयलर असत. सहवीजनिर्मिती, म्हणजे चोथा जाळून केलेल्या वाफेवर वीजही तयार करणे, आल्यापासून 67, 87 आणि 110 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे बॉयलर चालवले जातात. दाटीवाटीने बसवलेल्या नळ्यांमध्ये सांध्याची मागची बाजू डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा वेल्डर आरसा लावून प्रतिबिंबाकडे पाहत जोड भरतो. त्यात दिशा उलटी दिसते आणि तरीही तो जोड क्ष-किरण तपासणीत निर्दोष ठरावा लागतो. असा हात तयार व्हायला वर्षे लागतात.

मुलांना कष्ट नकोत, हे कारण मी अनेक बैठकांत ऐकले आहे आणि ते मला मान्य नाही. हंगामी नेमणूक, हंगाम संपल्यावर काम नसलेल्या काळासाठी मिळणारा तुटपुंजा भत्ता (रिटेन्शन अलाऊन्स), रखडणारे पगार आणि वर्षानुवर्षे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राहणे, हे सारे पाहून आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड पूर्ण केलेला मुलगा चाकण किंवा रांजणगावची वाट धरतो, यात त्याची चूक काय? 2024-25 मध्ये तर राज्यातील बहुतेक कारखान्यांची धुराडी मार्चअखेरपर्यंत थंडावली होती. इकडे डिस्टिलरी आणि वीजनिर्मिती यांमुळे दुरुस्तीचे काम जवळजवळ बारमाही झाले आहे, परंतु भरती मात्र अजून जुन्या हंगामी चाकोरीतच होते. ही चाकोरी संचालक मंडळांनी मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही या कामात येऊ पाहणाऱ्या मुलांना मी परावृत्त करणार नाही. प्रमाणपत्रधारक माणसाच्या देखरेखीशिवाय बॉयलर चालवता येत नाही, आणि 1923 च्या कायद्याची जागा 2025 च्या नव्या कायद्याने घेतल्यावरही ही गरज कायम आहे. आधी दुसऱ्या वर्गाचे आणि मग पहिल्या वर्गाचे बॉयलर अटेंडंट प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला कागद, औषधे, कापड, दूध अशा कितीतरी उद्योगांची दारे उघडी असतात. उच्च दाबाच्या नळ्यांचे वेल्डिंग येणाऱ्याला औष्णिक वीज केंद्रे आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी ते बंद ठेवतात त्या काळात, काम मिळते, आखातातूनही बोलावणे येते.

एवढे मात्र आवर्जून सांगेन की, शिकायचे असेल तर नोव्हेंबरात न येता मे महिन्यात रुजू व्हावे. हंगामात यंत्र चालू असते आणि शिकाऊ मुलाच्या वाट्याला तेल-ग्रीस देण्यापलीकडे फारसे काही येत नाही. मे महिन्यात मात्र मिल दुरुस्तीसाठी उघडलेली असते, रोलर बाहेर काढलेले असतात, बेअरिंगची झीज बोटाने चाचपता येते, आणि जुन्या फिटरलाही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला सवड असते.