सोरा आणि सोरो

काजूचा हंगाम म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रात रात्रीच्या पाळीला हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास असतोच. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कुठल्याही परिचारिकेला विचारा. मार्च लागला की भट्ट्या पेटतात, आणि संध्याकाळी सातनंतर कुणी पडलेला, कुणी ओकणारा, कुणी बायकोनं ओढत आणलेला, अशी माणसं येत राहतात. चौदा वर्षं मी हेच बघते आहे. त्यामुळे त्या रात्री साडेआठला रिक्षातून एका साठीच्या काकांना उतरवलं, काकींनी घाईघाईत काहीतरी सांगितलं आणि आमच्या नव्या ब्रदरनं केसपेपरवर 'दारू घेतल्याचा इतिहास, काळी उलटी' असं लिहिलं, तेव्हा मलाही त्यात काही खटकलं नाही.

काळी उलटी आणि दारू हे दोन शब्द शेजारी आले की आमच्या डोक्यात एकच चित्र उभं राहतं. यकृत खराब, अन्ननलिकेतली शीर फुटली, पोटात रक्त साचून काळं झालं. डॉक्टरांनीही तेच धरलं. सलाइन, अॅसिडिटीचं इंजेक्शन आणि बांबोळीला, तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात, पाठवायची तयारी.

मी ट्रे बदलायला गेले. ट्रेमध्ये दुसऱ्यांदा झालेली उलटी होती. पोटातलं जुनं रक्त कॉफीच्या गाळासारखं दिसतं, तपकिरी झाक असलेलं. हे तसं नव्हतं. हे निखळ काळं होतं, आणि ट्रेच्या पांढऱ्या कडेला काजळीसारखी रेघ उमटली होती. हातमोज्याच्या दोन बोटांत थोडं घेऊन चोळलं, तर बारीक खरखर लागली. मग वास आला. हुर्राकाचा नव्हे, फेणीचा नव्हे. दिवाळीत नरकासुर जाळल्यावर पहाटे गल्लीत जो वास रेंगाळतो ना, तो. त्यातच काकांना ढेकर आली आणि कुजलेल्या अंड्याचा भपकारा सुटला.

मी काकींकडे वळले. "काकी, काकांनी नेमकं काय घेतलं?"

"सांगलं न्हय गे बाय! सोरा घेतला म्हणून."

"सोरो? किती?"

"सोरो न्हय! सोरा! सोऱ्याची दारू, बंदुकीची. ह्यांनी उभ्या जन्मात पिण्याच्या सोऱ्याक तोंड लावलं नाही!"

कोकणीत सोरो म्हणजे पिण्याची दारू. मराठीत सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला मुख्य माल. आणि मराठीत त्या बंदुकीच्या मसाल्यालाही आपण दारूच म्हणतो. काकींनी दारात उतरताना खरं तेच सांगितलं होतं. चुकीचं आम्ही ऐकलं होतं. त्यात अर्धा तास गेला होता, आणि तो अर्धा तास आजही मला बोचतो.

पुतण्याकडून बाकीची हकीकत कळली. काकांना मुतखड्याची जुनी कळ. घरी वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक, पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा केली ती पुन्हा आणलीच नाही, पण दारूचा डबा माळ्यावर राहिला. काकांच्या आजोबांचं म्हणणं असायचं की बंदुकीची दारू जशी शिसाची गोळी नळीतून बाहेर फेकते, तसाच ती मुतखडाही फेकते. पहिल्या दिवशी त्यांनी ताकातून चहाचा एक चमचा घेतला. कळ थांबली नाही. तिसऱ्या दिवशी भाताच्या मोठ्या चमच्यानं दोन चमचे, शीग लावून.

या समजुतीला मी कधीच हसणार नाही, कारण ती हवेतून आलेली नाही. सोऱ्यानं लघवी सुटते हे जुन्या वैद्यकात सर्वत्र नोंदलेलं आहे, आपल्याकडेही आणि युरोपातही. आणि 'दारू' हा शब्दच मुळात फारसीत औषध या अर्थाचा. आपण अजून 'दवादारू' म्हणतोच. औषध, मद्य आणि स्फोटक यांना एकाच शब्दानं बांधून ठेवलेल्या भाषेत आजोबांना ती चिमूट औषध वाटली, तर नवल काय?

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकही शब्द न बोलता केसपेपर घेतला, 'दारू' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बंदुकीची दारू. 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा, 10 टक्के गंधक. काळी उलटी ही कोळशाची. अंड्याचा वास गंधकाचा, आतड्यातले जंतू त्याचा वायू करतात. हे दोन्ही दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो सोरा.

मग मी काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठ निळसर राखाडी होते. नखंही. ऑक्सिजनचा मास्क लावला, दहा लिटरवर ठेवला. बोटाला लावलेलं यंत्र 85 दाखवत होतं. पाच मिनिटांनी 85. दहा मिनिटांनी 86. न्यूमोनियाचा किंवा दम्याचा रुग्ण असता तर आकडा थोडा तरी हलला असता. हा जागचा हलत नव्हता आणि काका तर नीट बोलत होते, फक्त डोकं ठणकतंय म्हणत होते.

रक्त काढायला सुई घातली. सिरिंजमध्ये जे आलं ते लाल नव्हतं. चॉकलेट वितळवल्यावर जो रंग होतो तो. शिरेतलं रक्त गडद असतंच, म्हणून डॉक्टरांनी एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकायला सांगितला आणि शेजारी माझ्या बोटाचा एक थेंब. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. माझा थेंब हवेनं लगेच लाल झाला. काकांचा तसाच राहिला, तपकिरी.

आतड्यातले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाचं रूपच पालटतं. ते लोह मग ऑक्सिजन धरू शकत नाही. माणूस श्वास घेतो, फुप्फुसं ठणठणीत असतात, हवा आत जाते, पण रक्त ती उचलत नाही. याला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. आपल्या सगळ्यांच्या रक्तात ते एखादा टक्का असतंच. 20-30 टक्क्यांवर डोकं दुखतं, धाप लागते. 70 च्या पुढे गेलं की माणूस सहसा वाचत नाही.

दुसरा धोका आम्हाला ईसीजीवर दिसला. टी-लहरी तंबूच्या टोकासारख्या उभ्या. सोऱ्यात वजनाच्या 39 टक्के पोटॅशियम असतं. काकांनी घेतलेली दारू 25 ग्रॅम धरली तर त्यात सोरा 18 ग्रॅमच्या वर आणि पोटॅशियम 7 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराच्या जेवणातून किमान 3.5 ग्रॅम घ्यायला सांगते. इथे त्याच्या दुप्पट, एका पेल्यात, तेही खड्यानं अडलेलं मूत्रपिंड आणि बीपीची पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात. हृदयाची लय अशानं क्षणात बिघडते. कॅल्शियम ग्लुकोनेट आमच्याकडे होतं. डॉक्टर हळूहळू देत होते आणि मी मॉनिटरवरची ती टोकं बसताना मोजत होते.

मेटहिमोग्लोबिनवरचं औषध मात्र आमच्याकडे नव्हतं. मिथिलीन ब्लू. 108 बोलावली, बांबोळीला फोन करून रक्ताचा रंग सांगितला आणि मी सोबत गेले. रस्ताभर काका माझा हात धरून होते. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, विचारा म्हणे, मलेरियाच्या गोळ्या घेतल्यावर कधी लघवी काळी झाली होती का? काही माणसांच्या रक्तात एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतः कमी असतं. त्यांना मलेरियावरची प्रायमाक्विन ही गोळी सोसत नाही आणि मिथिलीन ब्लूही उलट घात करतं. काका म्हणाले, मलेरिया दोनदा झाला, गोळ्या पूर्ण घेतल्या, काही झालं नाही. मी देवाचे आभार मानले.

बांबोळीत तपासणीत मेटहिमोग्लोबिन 34 टक्के आलं. गडद निळं औषध शिरेतून पाच मिनिटांत गेलं. आधी यंत्रावरचा आकडा आणखी खाली घसरला, औषधाच्या रंगानं यंत्र फसतं म्हणून. मग अर्ध्या तासात ओठांवर गुलाबी रंग परतला. हे मी त्याआधी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

त्यानंतर कित्येक रात्री मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. 1809 साली डॅन्यूब नदीतल्या लोबाऊ बेटावर अडकलेल्या जखमी फ्रेंच सैनिकांना नेपोलियनच्या सैन्याचा शल्यविशारद लारे यानं घोड्याच्या मांसाचा रस्सा करून घातला आणि मीठ नव्हतं म्हणून त्यात बंदुकीची दारू टाकली. त्या काळचे शिपाई काडतुसाचा कागद दातांनी फाडायचे, दारू तोंडात जायची आणि लढाईत तहानेनं जीव कासावीस व्हायचा, तो सोऱ्याच्या खारटपणामुळे. 1857 च्या काडतुसांवरून जे पेटलं ते चरबीमुळे, पण काडतूस दातांनी फाडायचं म्हणूनच ती चरबी तोंडाशी येत होती. इंग्रज, अमेरिकन लोकांत कुत्र्याला बंदुकीची दारू चारली की तो राखणीला कडक होतो अशी समजूत. आणि इथे जुन्या गोव्याजवळ मांडवीच्या काठी पोर्तुगिजांचा बंदुकीच्या दारूचा कारखानाच होता. शिपायाच्या पोटात चिमूटभर गेली आणि तो जगला, म्हणून ती पौष्टिक ठरली. जे मेले त्यांच्या नावानं म्हण तयार झाली नाही.

एक गोष्ट आई-बापांसाठी लिहायलाच हवी. सगळी दारू एक नसते. नव्या काडतुसातल्या बिनधुराच्या दारूत नायट्रोग्लिसरीन असू शकतं, त्यानं रक्तदाब कोसळतो. शोभेच्या दारूत बेरियम असलं तर पोटॅशियम वाढत नाही, उलट धोकादायक उतरतं आणि हातपाय लुळे पडतात. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली, पण जुना माल घरात असतोच. म्हणजे एकाला जे औषध तारतं ते दुसऱ्याला मारू शकतं. मुलानं फुलबाजीची कांडी चघळली तर तिचं खोकं बरोबर आणा. घरी मीठपाणी पाजून ओकायला लावू नका, त्यात हातचा वेळ जातो.

चौथ्या दिवशी मी काकांना भेटायला वॉर्डात गेले. सलाइननं लघवी भरपूर झाली होती आणि आदल्या रात्री खडा खरंच पडला होता. मिथिलीन ब्लूमुळे लघवी हिरवीनिळी होत होती. काका शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दोन बोटांनी खड्याचा आकार दाखवून सांगत होते, "बघा, दारूनं काम केलं. रंगावरून कळतं." मी खाटेवर बसले आणि त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, तो तपकिरी थेंब, तो ईसीजी. ते ऐकत होते. मान डोलावत होते. पण डोळ्यांत विश्वास आजोबांवरच होता.

घरी सोडल्यावर मी पुतण्याला फोन केला, डबा पाण्यात ओतू नको, सोरा विहिरीत उतरतो आणि तान्ह्या मुलांना तेवढाही पुरतो. ठाण्यातच दे. रविवारी मी स्वतः गेले. डबा पत्र्याचा, बिस्किटांचा, झाकणाला गंज चढलेला. आत भाताचा चमचा तसाच रुतलेला होता. पुतण्या डबा पिशवीत घालत असताना काकी पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

"बाय, एक सांगू? पलीकडच्या वाड्यावरच्या वहिनी परवा आल्या होत्या. त्यांच्या सुनेला उन्हाळे लागलेत, लघवीला जळजळतं. सातवा महिना आहे. ह्यांचा खडा पडला ऐकून एक पुडी घेऊन गेल्या."

चप्पल घालायचीही शुद्ध राहिली नाही. पुतण्या पुढे, मी मागे, काजूच्या बागेतून तापलेल्या पायवाटेनं आम्ही धावत त्या घरी पोचलो. सून ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. पुडी देव्हाऱ्यात, समईच्या मागे ठेवलेली होती, वर्तमानपत्राच्या कागदातली, दोऱ्यानं बांधलेली. तिची गाठ अजून सुटलेली नव्हती.