नकाशातल्या पांढऱ्या रेघा: फ्रान्सच्या खेड्यांमधले शांत रस्ते शोधताना

फ्रान्समधे सायकलिंग म्हटलं की लोकांना लुआर नदीकाठचे किल्ले नाहीतर आल्प्सचे घाट आठवतात. दोन्ही मस्तच आहेत, पण मला हवे होते ते असे रस्ते की जिथे अर्धा-अर्धा तास मागून गाडीचा आवाजच येत नाही. नोकरीमुळे दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजला राहायला आल्यापासून सुट्टी मिळाली की हाच उद्योग चालू आहे, आणि माझं सगळ्यात जास्त मन रमलंय ते तुलूजच्या उत्तरेला असलेल्या लॉत जिल्ह्यात. असे रस्ते आपोआप सापडत नाहीत, ते शोधावे लागतात, आणि शोधायची एक पद्धत आहे. ती मला जशी जमत गेली तशी लिहितोय.

आधी हे रस्ते मुळात आहेत का एवढे, तर आहेत. फ्रान्समधे सगळे मिळून 10 लाख किलोमीटरच्या वर रस्ते आहेत आणि त्यातले जवळजवळ 7 लाख किलोमीटर हे कम्यूनचे, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीचे. कम्यून 35 हजाराच्या आसपास, आणि प्रत्येक गावातून शेजारच्या चार गावांना डांबरी रस्ता गेलेला. माणसं मात्र कमी. लॉत जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला 33-34 माणसं राहतात, आपल्या महाराष्ट्रात 2011च्या जनगणनेला हाच आकडा 365 होता, आता यावरूनच कल्पना करा. पोरं शिकून तुलूज-पॅरिसला गेली, गावं रिकामी झाली, रस्ता तेवढा राहिला. सायकलवाल्याला त्याचा फायदा होतो हे खरं, पण बंद पडलेली शाळा आणि पाटी उतरवलेलं दुकान बघून वाईट वाटतंच.

रूट ठरवायला मी कागदी नकाशा घेतो. मिशेलिनचा जिल्ह्याचा नकाशा, 1:150000 चा. लाल म्हणजे मोठा रस्ता, पिवळा म्हणजे मधला, आणि पांढरा म्हणजे आपला. पेन्सिल घेऊन बसायचं आणि एका गावातून दुसऱ्या गावात फक्त पांढऱ्यावरून जाता येतंय का ते बघायचं, पिवळा आला तर तो जमेल तेवढा कमी. रस्त्यावर बाणासारख्या छोट्या खुणा असतात, एक खूण म्हणजे 5 ते 9 टक्के चढ, दोन म्हणजे 9 ते 13, तीन म्हणजे त्याच्याही वर, आणि टोक चढाच्या दिशेला. मोबाईलवरचं अॅप का नाही म्हणाल तर मी वापरत होतो तेच अॅप कधी भरधाव गाड्यांच्या रस्त्यावर नेऊन सोडायचं आणि कधी शेतातल्या खडीच्या पायवाटेवर, शांत आणि डांबरी या दोन्ही गोष्टी एकत्र त्याला काही कळायच्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्याचा नंबर. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आणि इथले सायकलवाले सांगतात की आकडा जितका मोठा तितका रस्ता छोटा. बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण 2006च्या सुमाराला सरकारने हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले आणि त्यांना नवीन नंबर मिळाले, त्यामुळे 8 किंवा 9 ने सुरू होणारा तीन आकडी डी रस्ता दिसला की मी थांबतो. काओर शहरातून जाणारा डी 820 म्हणजे जुना एन 20 (एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता), पॅरिसहून स्पेनच्या हद्दीकडे जाणारा मोठा रस्ता. फिजाक शहराचा डी 840 म्हणजे जुना एन 140. ट्रक तेच, नुसती पाटी बदललीय. मग घरी बसून आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेच्या साइटवर, जी फुकट आहे, वरून काढलेले फोटो बघतो. रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा मारलेला दिसला की समजायचं गाड्या आहेत. पट्टाच नाही, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला गवतात उतरावं लागेल एवढा अरुंद रस्ता आहे, म्हणजे हाच आपला!

असाच ठरवलेला एक रूट सांगतो. तुलूज ते काओर टीईआर, म्हणजे इथल्या प्रादेशिक रेल्वेने गेलो, सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागलं नाही, फक्त जागा मिळायला लवकर जाऊन उभं राहायचं. काओरहून व्हेर्सपर्यंत डी 653 आणि पुढे कोंदुशेपर्यंत डी 662, लॉत नदीच्या काठाने. हा नकाशात पांढरा नाही, उन्हाळ्यात सुट्टीवाल्यांच्या गाड्या असतात, म्हणून भल्या सकाळीच संपवून टाकला. कोंदुशेला सेले नदी येऊन मिळते आणि तिथून तिच्या खोऱ्यात डी 41 शिरतो. काय रस्ता आहे राव! एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चुनखडीचा पिवळट कडा, कधी कधी तर कडा डोक्यावर छपरासारखा आलेला, आणि काब्रेरेला तर कड्यालाच चिकटून मध्ययुगीन गढीच्या भिंती उभ्या आहेत. जवळच पेश मेर्लची गुहा, आत आदिमानवाने काढलेले ठिपक्यांचे घोडे, आधी बुकिंग करून जा कारण दिवसाला 700 लोकांनाच आत सोडतात. मग सोलियाक, मार्सियाक, ब्रेंग, एस्पान्याक असं एकेक गाव येत जातं आणि शेवटी फिजाक.

घाई असेल तर सरळ फिजाक गाठा. मी मार्सियाकहून पांढऱ्या रेघेने वर कॉसवर चढलो. कॉस म्हणजे चुनखडीचं पठार. खाली नदीची हिरवळ आणि वर आल्यावर एकदम रखरखीत, खुरटे ओक, चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी बांध आणि डोळ्याभोवती काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या. पाऊस पडतो पण पाणी सगळं दगडातून खाली झिरपून जातं, वर ओढा नाही की नाला नाही. उन्हात इथे पाण्याचं काय करायचं हा खरा प्रश्न होता.

उत्तर म्हणजे दफनभूमी. गावाच्या कडेला असते आणि थडग्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालायला तिथे नळ असतोच, हे इथल्या सायकलवाल्यांनी सांगितलं होतं. माहीत असूनही पहिल्यांदा फाटक ढकलताना मनात चलबिचल झाली, आपल्याकडे स्मशानातलं पाणी कोण पितं. आत भिंतीला पितळी नळ, खाली दगडी डोणी, बाजूला खिळ्यावर टांगलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या झाऱ्या. एक आजोबा झारी भरत होते. बोंझूर म्हणून मी बाटली दाखवत हे पाणी पिण्यासारखं आहे का विचारलं तर त्यांनी स्वतःची झारी बाजूला घेतली, नळ थोडा वाहू दिला, हाताने गार झालंय का बघितलं आणि मग माझी बाटली मागून घेऊन भरून दिली. म्हणाले गावातल्या घरांना येतं तेच आहे. तेव्हापासून मला अजिबात संकोच वाटत नाही. फक्त 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते प्यायचं नाही.

खाण्याचं आधीच बघा. दुकानं 12 ते 2 बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बरीचशी बंद, आणि बऱ्याच गावांत दुकानच नाही. सकाळी मिळाली तिथे बगेत (लांब फ्रेंच पाव) घेऊन टाकायची आणि सोबत रोकामादूरचं चीज, शेळीच्या दुधाचं, पेढ्यापेक्षा थोडी मोठी चपटी वडी, शाकाहारी माणसाला मोठा आधार (दूध गोठवायला वापरतात ते प्राण्याच्या पोटातलं रेनेट चालत असेल तर, ते ज्याचं त्याने बघावं). पठारावरून खाली लॉतकाठच्या काजार्कला उतरलात तर केशर विचारा, त्या भागात जुनी केशराची शेती 1990च्या दशकात पुन्हा सुरू केलीय आणि ऑक्टोबरमधे जांभळी फुलं हाताने खुडतात.

गाड्यांची भीती मला इथे फारशी वाटली नाही. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे आणि 2015पासून त्यासाठी ड्रायव्हरला सलग पांढरी रेघ ओलांडायची परवानगी आहे, खेड्यातले लोक तर कधी कधी वळण संपेपर्यंत मागे थांबून राहतात. भीती आहे ती दोनच गोष्टींची. एक म्हणजे 'ग्राव्हियों' ही पाटी, डांबर मारून वर बारीक खडी टाकून ठेवलेली असते, उतारावर ही दिसली की आधीच वेग कमी करा, 32 मिमीचे टायर असतील तर बरं. दुसरी शिकार. मुख्यतः सप्टेंबर ते फेब्रुवारी रानडुकराची शिकार चालते, खास करून रविवारी, रस्त्याच्या कडेला पाटी लावलेली असते. मी तेव्हा केशरी जॅकेट घालतो आणि अशी पाटी दिसली की रस्ता बदलतो, म्हणूनच दुसरी पांढरी रेघ कायम पेन्सिलने काढून ठेवलेली असते.

जायचं तर मे-जून नाहीतर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमधे कॉसवर सावली नाही आणि खाली खोऱ्यात कयाकवाल्यांची गर्दी. कोणाला जायचं असेल तर विचारा, माझ्याकडे पेन्सिलने गिरवलेल्या नकाशाचे फोटो आहेत, पाठवतो.