शिप, शीप आणि आपले फूल

मंगळवार, रात्र

आज संध्याकाळी भाची इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होती आणि तिच्या वाचनात जहाज व मेंढी यांत काहीच फरक उरला नव्हता. दोन्ही ठिकाणी 'शीप' एवढेच ऐकू येत होते. मी थांबवले, तर ती म्हणाली, "मावशी, मी दोन्ही वेगळेच म्हणते आहे." तिला तो फरक ऐकूच येत नव्हता. मला माझी पहिली मुलाखत आठवली. मी ठाण्यात राहते हे सांगताना माझ्या 'लिव्हिंग'चे 'लीव्हिंग' झाले होते आणि समोरच्या बाईंनी मी ठाणे कधी सोडणार, असे विचारले होते.

हा निष्काळजीपणा नव्हे, असे मला मनापासून वाटते. मराठीत आपण फूल, दूध, खीर म्हणताना स्वर लांबवतो आणि फुलाला, दुधात, खिरीत म्हणताना तो आपोआप आखूड होतो. शब्दातली जागा बदलली की लांबी बदलते, अर्थ मात्र तोच राहतो. लहानपणापासून ही सवय जडलेल्या जिभेला 'भरलेले' आणि 'मूर्ख' या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द एकाच 'फूल'मध्ये बसवावेसे वाटणारच.

म्हणून मी आधी तिला स्वर आखूड करायला सांगितले, पण तेवढ्याने जमले नाही, कारण इंग्रजीत केवळ लांबीवर भागत नाही. जहाजाच्या शब्दात जीभ किंचित खाली येऊन सैल पडते आणि स्वर 'ए'च्या दिशेने झुकतो, तर मेंढीच्या शब्दात जीभ वर ताणलेली राहते व ओठ फाकतात. तिला आरसा दिला. मग पाठमोरी बसवून मी दहा वेळा यातला एकेक शब्द उच्चारला, तेव्हा सहा तिने बरोबर ओळखले. (वाइन आणि द्राक्षवेलीचा व्हाइन तिला सोपे गेले, दुसऱ्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, हे आरशात लगेच दिसते.)

उद्या 'ओढणे' या अर्थाचा पुल आणि पोहण्याचा पूल घ्यायचे ठरले आहे. तिथे नदीवरचा आपला मराठी पूलही मधे येणार, म्हणून आधी तिच्याकडून 'पूल, पुलावर' असे चार वेळा म्हणवून घेईन.