जर्म ट्यूब निगेटिव्ह, पण निघालं अल्बिकन्सच

ल्युकेमिया वॉर्डातली ब्लड कल्चर बाटली पॉझिटिव्ह आली, ग्रॅम स्टेनमध्ये बडिंग यीस्ट (कोंब फुटणारी एकपेशी बुरशी), आणि लॅबमध्ये लगेच रेसिडेंटचे फोन सुरू: मॅडम, अल्बिकन्स आहे का, फ्लुकोनॅझोल देऊ का? अल्बिकन्स म्हणजे कॅन्डिडा या यीस्टची एक जात, आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध. पेशंटच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर होत्या, त्यामुळे त्याची घाई मला कळत होती.

अल्बिकन्स सीरममध्ये ठेवलं की पेशींतून नळीसारखे तंतू निघतात, त्यावरून ते ओळखायची ही जर्म ट्यूब टेस्ट. सगळ्यांना ती पोरखेळ वाटते, पण ती नीट लावणारे हात कमी झालेत. अर्धा मिली सीरम, कॉलनीला जेमतेम स्पर्श करून घ्यायचा, ३७ डिग्रीला दोन ते तीन तास. माल जास्त पडला की पेशी फार्नेसॉल नावाचं रसायन बाहेर टाकून एकमेकींचे तंतू अडवतात, आणि तीन तासांपुढे ठेवलं तर ट्रॉपिकॅलिस ही दुसरी कॅन्डिडाही लांबट व्हायला लागते. खरी जर्म ट्यूब बुडाशी आवळलेली नसते, हे बघायला डोळा लागतो. मी स्वतः लावली. कंट्रोल स्ट्रेनला जिकडेतिकडे तंतू, पेशंटच्या यीस्टला एकही नाही. सीरमचा लॉट बदलून पुन्हा लावली, तेच. पण क्रोमअगारवर (जातीनुसार रंग देणारं माध्यम) कॉलनी अल्बिकन्ससारखी हिरवी, ४५ डिग्रीला वाढली म्हणजे तिची जुळी वाटणारी डब्लिनिएन्सिस जातही नाही, आणि प्रथिनांवरून जात ओळखणाऱ्या मॅल्डी यंत्रानेही अल्बिकन्सच सांगितलं. मात्र कॉर्नमील माध्यमावर अल्बिकन्सला दिसायला हवेत ते ना तंतू, ना क्लॅमिडोस्पोर (जाड भिंतीच्या गोल पेशी).

अल्बिकन्स आहे आणि जर्म ट्यूब निगेटिव्ह आहे, रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या. वॉर्डने कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं दुसरं औषध चालू केलं, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) काढली, पेशंट सुधारला. त्यांच्यासाठी केस तिथेच संपली. कारण शोधायला आपल्याकडे कुणाला वेळ नसतो, आणि याचाच मला राग येतो.

बुरशीवर रिसर्च करणाऱ्या मैत्रिणीला स्ट्रेन दिला. तंतू काढायची आज्ञा देणाऱ्या जीन्समध्ये ईएफजी१ मुख्य, म्हणून तिने तो आधी वाचला. अल्बिकन्स डिप्लॉइड, म्हणजे प्रत्येक जीनच्या दोन प्रती; त्या दोन प्रतींत फरक असला की सिक्वेन्समध्ये त्या जागी दोन पीक एकावर एक दिसतात. इथे मात्र एकच स्वच्छ पीक आणि सुरुवातीलाच स्टॉप कोडॉन (प्रथिन बनवणं तिथेच थांबवणारी खूण), म्हणजे दोन्ही प्रती बाद. पी९४०१५ नावाच्या एका क्लिनिकल स्ट्रेनमध्येही ईएफजी१ असाच निसर्गतः मोडलेला आहे, त्यामुळे ती म्हणाली की हे अगदी न ऐकलेलं नाही.

पण माझं डोकं अजून अडकलंय. १९९७ मध्ये जेराल्ड फिंक यांच्या लॅबने ईएफजी१ आणि तंतूंचाच दुसरा जीन सीपीएच१ हे दोन्ही काढलेला स्ट्रेन उंदरांच्या थेट रक्तात सोडला होता, आणि उंदीर जगले. तेव्हापासून आपण शिकतो आणि शिकवतो की तंतू नाही तर रोग नाही. कॅन्डिडालायसिन हे विषही तंतू काढतानाच बनतं. मग हा बिनतंतूचा स्ट्रेन माणसाच्या रक्तात वाढला कसा? लाइनवाटे आला म्हणावं तर त्याने फक्त आत शिरल्याचं उत्तर मिळतं, टिकल्याचं नाही. मला वाटतं पांढऱ्या पेशीच नसताना त्याला हत्यार लागलंच नसेल. किंवा धडधाकट पूर्वज आतड्यातून शिरला आणि जीन नंतर गेला. कमकुवत प्रतिकारशक्तीच्या उंदरांच्या आतड्यात ईएफजी१ नसलेले स्ट्रेन उलट जास्त माजतात हेही दिसलंय, म्हणजे जीन आतड्यातच गेला असणंही शक्य आहे. पेशंटचा स्टूल स्वॅब असता तर दोन्ही स्ट्रेन शेजारी ठेवून बघता आलं असतं. कुणी पाठवला नाही, लाइनचं टोकही कचऱ्यात गेलं.

सीपीएच१ चा सिक्वेन्स अजून यायचाय. तोही मोडलेला निघाला तर हा फिंक यांच्या उंदरांचाच प्रयोग, फक्त माणसात आणि उलट्या निकालाचा. शाबूत निघाला तर पुढचा प्रश्न असा की सीरममध्ये गप्प बसणारा हा स्ट्रेन शरीराच्या आत तंतू काढत होता का, कारण काचेच्या नळीतले नियम जिवंत ऊतीत जसेच्या तसे चालत नाहीत. वॉर्डला मी सांगून ठेवलंय, यीस्ट लागलं की त्याच दिवशी स्टूल स्वॅब पण पाठवा.